परड्यात बदल करायचेत? मृगाआधी काय आणि मृगानंतर काय

मेच्या शेवटी परडं (घराभोवतीची बागेची जागा) मोकळं दिसतं, घरात चाकरमानी असतात, हाताशी माणसं असतात. मग एका सकाळी रोपवाटिका गाठली जाते, टेम्पो भरून कलमं येतात आणि जिथे उघडी जागा दिसेल तिथे खड्डा पडतो. जुलैत त्यातली बरीचशी घोटाभर पाण्यात उभी असतात. उरलेली दोन वर्षांनी एकमेकांच्या अंगावर येतात आणि पाचव्या वर्षी कोयता काढावा लागतो.

चूक क्रमात असते. आधी पाण्याची वाट, मग तोड आणि छाटणी, मग खड्डे, मांडव, खत, आणि रोप सगळ्यात शेवटी. कोकणात अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत माती आणि उतार बदलले तरी हा क्रम बदलत नाही. खालचं वेळापत्रक साधारण १५ मे ते जूनअखेर असं धरलं आहे. माणसांचं बळ लागणारी कामं (चर, खड्डे, मांडव) चाकरमानी परतायच्या आत उरका. लागवड एकट्यालाही जमते.

## १. कागदावरचं परडं

चौकटीचा कागद घ्या. १ सेंटीमीटर म्हणजे १ मीटर. आधी न हलणाऱ्या गोष्टी मांडा: घर, विहीर, न्हाणीचं पाणी पडतं ती जागा, शोषखड्डा, विजेच्या तारा, गडगा (रचीव दगडांचं कुंपण), बेडं (कुंपणाचं फाटक) आणि मोठी झाडं. झाडाचं खोड ठिपक्याने दाखवून थांबू नका, त्याचा घेर गोल काढून दाखवा. मग तीन खुणा करा.

पावसाळी वारा: किनाऱ्यावर तो नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून येतो. समुद्र जवळ असेल तर खारं पाणी घेऊन येतो आणि कोवळी पानं करपवतो. त्या बाजूला उंडी, सुरू, केवडा असला काटक पट्टा हवा. कलमं आणि भाज्या त्याच्या आडोशाला.

सावली: मेमध्ये सावली बघून वाफे आखणारे इथेच फसतात. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे झाडाची दुपारची सावली बुंध्याशीच, थोडी दक्षिणेला पडते. डिसेंबरात तीच सावली उत्तरेकडे लांबते. रत्नागिरीच्या आसपास १० मीटर उंच झाडाची दुपारची सावली तेव्हा साडेआठ मीटरच्या घरात जाते. म्हणून हिवाळी भाजीचा वाफा मोठ्या झाडाच्या उत्तरेला आखू नका, मेमध्ये तिथे कितीही ऊन दिसलं तरी.

झाडाची पूर्ण वाढ: दोन झाडांत ठेवायचं अंतर असं: हापूस १० मीटर, नारळ साडेसात, काजू ७, कोकम ६, पोफळ (सुपारी) पावणेतीन मीटर. म्हणजे एक हापूस वाढला की जवळजवळ एक गुंठा खातो. तीन गुंठ्यांच्या परड्यात दोन हापूस लावले तर भाजी विसरायची. नारळाची झावळ साडेचार-पाच मीटर लांब असते, म्हणून तो कौलांपासून आणि गाडी उभी राहते त्या जागेपासून तेवढा तरी लांब ठेवा.

तपासा: कागदावरची आखणी राखेच्या रेघांनी जमिनीवर उतरवा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. घरातली माणसं विहिरीकडे, दोरीवर कपडे घालायला, मागच्या दाराने कशी ये-जा करतात ते दिसेल. पायवाट अडवणारा वाफा महिनाभरात तुडवला जातो.

## २. पाण्याची वाट

१०० चौरस मीटरच्या छपरावर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी पागोळ्यांतून खाली येतं. इथे असा पाऊस दर मोसमात होतोच. एवढं पाणी कुठून येऊन कुठे जाणार हे ठरल्याशिवाय कुदळ उचलू नये.

१. पारदर्शक नळीत पाणी भरून उतार मोजा. नळीची दोन टोकं दोन काठ्यांना बांधायची आणि पाण्याच्या पातळीतला फरक बघायचा. डोळ्यांनी उतार धरला तर गडगा तिरका असल्यामुळे हमखास चूक होते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तरी माप चुकतं.

२. पागोळ्या पडतात त्या रेषेत चिऱ्याचे (जांभा दगडाचे) तुकडे किंवा गोटे पसरा. उघड्या मातीवर पागोळी पडली की चिखल भिंतीवर दोन फूट उडतो.

३. त्या रेषेबाहेर फूटभर रुंद, फूटभर खोल चर काढा. उतार १०० ला १, म्हणजे १० मीटरला १० सेंटीमीटर. यापेक्षा जास्त उतार दिला तर लाल माती कापत जाते, कमी दिला तर चर गाळाने भरतो. वळणावर आणि उतरणीच्या टोकाला चिऱ्याचे तुकडे बसवा. पुळणीत (वाळूच्या जमिनीत) उभ्या काठाचा चर पहिल्या सरीत ढासळतो, तिथे काठ तिरके ठेवा.

४. गडग्याच्या तळाशी पाणी जायला मोरी आहे का बघा. पालापाचोळ्याने बुजलेली मोरी म्हणजे गडगा कोसळण्याची तयारी. शेजाऱ्याच्या अंगणात पाणी सोडायचं असेल तर आधी बोलून घ्या, जुलैत बोलणं कठीण जातं.

५. पाणी कुठे मुरतं ते खणून बघा. फूटभर लांब, रुंद, खोल खड्डा पाण्याने भरा, जिरला की पुन्हा भरा, आणि दुसऱ्या वेळी किती वेळ लागतो ते मोजा. तासाभरात गेलं तर निचरा चांगला. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसत असेल तर खाली कातळ किंवा चिकण थर आहे. तिथे अळू लावा. आलं, पपई, आंबा नको.

सावधान: चरातली माती जोत्याला टेकून ओतू नका. ओल आणि वाळवी दोन्ही घरात शिरतात. शेणखताचा खड्डा आणि गुरांच्या गोठ्याचं पाणी विहिरीपासून निदान १५ मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवं. जांभा सच्छिद्र असतो, वरचं पाणी विहिरीत उतरायला त्याला वेळ लागत नाही.

## ३. तोड आणि छाटणी

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तौक्ते २०२१ च्या मेच्या मध्यात किनाऱ्याला घासून गेलं. दोन्ही वेळा पाऊस नीट सुरू व्हायच्या आधीच झाडं पडली. छपरावर आलेल्या, वाळलेल्या आणि पोकळ फांद्यांचं काम म्हणूनच मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत संपवावं.

आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ ही झाडं मुळापासून तोडायची तर परवानगी लागते. १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्यात ती येतात, झाड स्वतःच्या परड्यात असलं तरी. तारांजवळची फांदी असेल तर महावितरणला कळवून लाईन बंद करून घ्या. ओला बांबू किंवा पोफळीची काठी तारेला लागली तर जिवावर बेततं.

जाड फांदी तीन कापांत उतरवा. खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश काप. त्याच्या थोडं पुढे वरून काप, म्हणजे फांदी साल न सोलता तुटते. मग उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेरून साफ. कडंच कापलं तर जखम भरत नाही, लांब खुंट ठेवला तर तो कुजून आत पोकळी पडते. हापूसची फळं उतरल्यावर लगेच मधल्या उभ्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा, आत ऊन आणि वारा जाऊ द्या. शेंड्यांचा मात्र सरसकट साफा नको.

नारळाच्या हिरव्या झावळ्या वादळाच्या भीतीने उतरवणं ही नेहमीची चूक. घड खालच्या झावळीवर टेकलेला असतो, ती गेली की तो लोंबतो आणि फळं गळतात. सुकलेल्या झावळ्या, वाळकी पोय (फुलोऱ्याचं वेष्टन), सुटलेले नारळ एवढंच उतरवा. पाडेली (नारळ उतरवणारा) वर आहेच तर त्याच्याकडून शेंडाही साफ करून घ्या आणि वरच्या दोन-तीन झावळ्यांच्या बेचक्यांत वाळू आणि निंबोळी पेंड समप्रमाणात भरून घ्या. गेंड्या भुंग्याला (नारळाचा शेंडा पोखरणाऱ्या किड्याला) तेवढा अडसर होतो.

### बोर्डो मिश्रण

पोफळीच्या कोळेरोगावर (फळं कुजून गळण्याच्या रोगावर) पहिली फवारणी पाऊस लागायच्या आधीच झाली पाहिजे. शिंपुटं (सुपारीचे घड) भिजली, फळं गळायला लागली की फवारून फार काही हाती लागत नाही. घरगुती प्रमाण, एक टक्का: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना, १० लिटर पाणी.

मोरचूद कुटून आदल्या रात्री प्लास्टिकच्या बादलीत ५ लिटर पाण्यात भिजवा. लोखंडी किंवा जस्ताची बादली चालत नाही, मोरचूद ती खातं. चुना दुसऱ्या बादलीत थोड्या पाण्यात विरवा, थंड होऊ द्या, मग ५ लिटर करा आणि फडक्यातून गाळा. आता मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओता आणि काठीने ढवळत राहा. उलटं, म्हणजे चुना मोरचुदात, कधीच नको. मिश्रण भरड होऊन तळाशी बसतं, पंपाची तोटी तुंबते.

रंग आकाशी निळा आला पाहिजे. मग स्वच्छ लोखंडी सुरी किंवा खिळा मिश्रणात मिनिटभर बुडवून काढा. त्यावर तांबूस थर दिसला तर मिश्रण आम्ल आहे आणि पानं जाळणार, अजून थोडी चुन्याची निवळी घालून पुन्हा बघा. सुरी जशी घातली तशी बाहेर आली की तयार. त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशीचं फेका.

छाटणीच्या जखमांना बोर्डो पेस्ट: १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना, मिळून १ लिटर पाणी. ब्रशने लावा, साल कोरडी असताना.

## ४. खड्डे

आंबा आणि नारळाला १ मीटर लांब, रुंद, खोल. कोकम, काजू, पोफळीला ६० सेंटीमीटर पुरे. वरची काळसर माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाका. भरताना वरचीच माती घ्यायची, मुरूम चराच्या काठाला किंवा पायवाटेला वापरा. खड्डा निदान आठवडाभर उन्हात तापू द्या.

भरताना तळाशी पातेरा (वाळका पाला), वर माती आणि शेणखत. मोठ्या खड्ड्याला ४० ते ५० किलो कुजलेलं शेणखत आणि दीड किलो सिंगल सुपर फॉस्फेट, लहान खड्ड्याला २० किलो आणि अर्धा किलो. जमिनीच्या वर वीतभर उंच भरा. पहिल्या दोन पावसांत माती खाली बसते, आणि जो सपाट भरला त्याचं जुलैत डबकं होतं.

नारळ याला अपवाद. निचऱ्याच्या लाल मातीत आणि पुळणीत त्याचा खड्डा अर्धाच भरून रोप खोलगट जागेत लावतात, पुढे माती चढवत नेतात. पुळणीत तळाला सोडणांचा (नारळाच्या सालींचा) थर द्या, खोलगट बाजू वर, म्हणजे ओल धरून राहते. पाणथळ जागेत मात्र नारळही वरंब्यावरच.

कातळ हातभर खोलीवर लागत असेल तर सुरुंगाचा आणि ब्रेकरचा विचार परड्यापुरता सोडा. चिऱ्याचे दोन थर रचून आत माती भरा, त्यात भाज्या, हळद, कढीपत्ता, अबोली छान होतात. कातळात कोरलेला खड्डा म्हणजे पाणी न जिरणारी टाकी, त्यात कलम पहिल्याच पावसाळ्यात गुदमरतं.

## ५. मांडव आणि कुंपण

खांब कोरड्या जमिनीत रोवायचे. ओल्या जमिनीत रोवलेला खांब वाऱ्याने हलत हलत सैल होतो. बांबू किंवा पोफळीचा वासा, ६० सेंटीमीटर जमिनीत, तेवढ्या भागाला डांबर. जमिनीवर उंची २ मीटर. कमी ठेवली तर पडवळ जमिनीला टेकतं आणि काढणी वाकून करावी लागते. खांबांत दोन-अडीच मीटर अंतर, वर बांबूच्या कामट्या आणि काथ्याची जाळी. कोपऱ्यांना तिरके टेकू हवेतच, वेलांनी भरलेला मांडव वाऱ्याला शिडासारखा अडतो.

सावधान: मांडव घराच्या वाशाला किंवा पत्र्याला बांधू नका. वारा मांडव ओढतो, मांडव पत्रा ओढतो.

कुंपणाला गिरिपुष्पाचे मनगटाएवढे जाड, दीड मीटरचे दांडे तोडून ठेवा, पण लावा पाऊस लागल्यावर. वरचा काप तिरका, म्हणजे पाणी साचून कुजणार नाही. फूटभर खोल रोवले की रुजतात आणि पुढे त्यांचा पाला खताला होतो.

## ६. खत

शेणखताचा खड्डा पाऊस लागण्याआधी पूर्ण उलथून काढा. त्यात अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या वळून पडलेल्या दिसतील, गेंड्या भुंग्याच्या त्या. वेचून मारा, कोंबड्या असतील तर त्या आनंदाने करतील. हाच खड्डा तसाच ठेवून वर नारळावर औषध मारणं म्हणजे पैसे वाया.

काढलेलं खत ढिगात राहिलं तर झावळ्यांचे झाप किंवा ताडपत्री घाला. उघड्या ढिगावर पाऊस पडला की त्यातला कस चरातून समुद्राला जातो. लाल माती आम्ल असते म्हणून चुना घालतात, ठीक आहे, पण चुना आणि शेणखत एकाच दिवशी मिसळू नका. नत्र वायू होऊन उडून जातं. दोहोंत पंधरा दिवस राहू द्या.

## ७. लागवड, आणि तीही टप्प्याने

रोहिणीत (२५ मेपासून): हळद, आलं, सुरण. हे कोरड्यात लावलेले चालतात, पावसाने उगवतात. हळद-आल्याचे २० ते २५ ग्रॅमचे तुकडे, प्रत्येकावर एक-दोन डोळे, वीतभर उंच गादीवाफ्यावर २५ ते ३० सेंटीमीटर अंतराने, वर पातेऱ्याचं जाड आच्छादन. मागच्या वर्षी आलं जिथे होतं तिथे यंदा नको, कंदकुज मातीत टिकून असते. सुरणाचा तुकडा पाव ते अर्धा किलोचा, पण त्यात मधल्या डोळ्याचा भाग यायलाच हवा, नाहीतर उगवण्याची वाट बघत बसाल.

याच आठवड्यात पडवळ, दोडका, कारलं, काकडी पिशवीत पेरा आणि वळचणीला ठेवा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कोकण श्वेता (पडवळ), कोकण हरिता (दोडका), कोकण तारा (कारलं), शीतल (काकडी) ही वाणं इथल्याच पावसासाठी निघालेली आहेत. जोरदार पावसात थेट पेरलेलं बी कुजतं किंवा वाहून जातं. दोन ते चार पानांचं रोप मांडवाखाली उंचवट्यावर लावलं की तगतं. मिरची-वांग्याचं तरूही (लावणीची रोपं) आताच, वर झाप घालून.

वळवाने फसू नका. मेअखेरच्या एका वळवाने वरची चार बोटं माती भिजते. कलम लावलं आणि पुढे आठ-दहा दिवस ऊन पडलं की ते गेलंच.

तपासा: खड्ड्यात पहार घाला. फूटभर खोलीची माती मुठीत दाबल्यावर गोळा होत असेल तर लावा. बहुतेक वर्षी हे मृग लागून (७-८ जून) दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर होतं. आर्द्रा संपेपर्यंत मोठ्या रोपांची लागवड आटोपावी.

कलमं: मागणी आधी नोंदवा, जूनमध्ये जाऊन उरलंसुरलं मिळतं. नारळासाठी भाट्ये, सुपारीसाठी श्रीवर्धन आणि काजू-आंब्यासाठी वेंगुर्ले इथली संशोधन केंद्रं आहेत. घेताना जोड हाताने हळूच वाकवून बघा, फट दिसली तर नको. पिशवीच्या तळातून जाड मूळ गोल फिरलेलं दिसलं तरी नको. कोकम बीपासून वाढवलं तर बरीच झाडं नर निघतात आणि ते सहा-सात वर्षांनी कळतं, म्हणून मादी झाडाचं कलमच घ्या.

लावताना पिशवी ब्लेडने उभी चिरा, मातीचा गड्डा फोडू नका. जोड जमिनीच्या वर १० ते १५ सेंटीमीटर राहिला पाहिजे. जोडावरची प्लास्टिक पट्टी सोडा, ती विसरली की खोड तिथे आवळून पुढे वाऱ्याने मोडतं. जोडाखालची फूट खुडून टाका. काठी वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे नैर्ऋत्येला रोवा आणि काठी व खोड यांच्यामध्ये सुतळीला तिढा द्या, म्हणजे खोड काठीला घासणार नाही. नारळाचं रोप लावताना माती पानांच्या बेचक्यात जाऊ देऊ नका, कोंब कुजतो.

## ८. पहिल्या मुसळधार पावसात

छत्री घेऊन परड्याला एक फेरी मारा. पाऊस थांबल्यावर नाही, पडत असताना. कुठल्या आळ्यात पाणी थांबतं, चर कुठे फुटतो, मोरी कुठे तुंबते हे तेव्हाच दिसतं. नारळ-पोफळीची उन्हाळी आळी उताराच्या बाजूने लगेच फोडा. उन्हाळ्यात पाणी धरणारं आळं पावसात मुळं कुजवतं. खड्ड्यातली माती बसून खळगा झाला असेल तर ठेवलेली माती चढवा.

गोगलगायी जूनअखेरीस येतात. राखेची रेघ कोरडी असेपर्यंतच काम करते, म्हणजे इथे तासभर. संध्याकाळी ओलं पोतं वाफ्याशेजारी टाकून ठेवा, पहाटे त्याखालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. मीठ वाफ्यावर मात्र फेकू नका.

पोफळीची दुसरी बोर्डो फवारणी पहिलीनंतर ४० ते ४५ दिवसांनी, जुलैत उघडीप मिळेल तेव्हा. रासायनिक खत मुसळधारेच्या दिवसांत देऊ नका, तेही उघडिपीलाच.

लादी बसवणं, हिरवळ, नव्या पायवाटा हे दसऱ्यानंतर बघा, तोवर भराव बसलेला असतो. गुलाब ऑक्टोबरात छाटा आणि मोगरा त्याच्याही नंतर, पाणी तोडून.